सर्क द्यू सोले: बे-सँ-पॉलच्या रस्त्यांवरून लास व्हेगासपर्यंत, आणि दिवाळखोरीतून परत

रानभूल (धागालेखक)

इथे सर्कशीचा विषय निघाला की गप्पा बहुतेक एकाच वाटेनं जातात. गावाबाहेरचं मैदान, रात्री आभाळात फिरणारा झोत, हत्ती, जोकर, लोखंडी गोलातली मोटारसायकल. मग ठरलेला शेवट: प्राण्यांवर बंदी आली, टीव्ही-मोबाइल आले, सर्कस संपली. मला हा शेवट मान्य नाही. जुन्या सर्कशी तंबू गुंडाळत होत्या त्याच काळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात एक सर्कस कंपनी जन्माला आली. तिच्याकडे वाघ-सिंह नव्हते, पाठीशी सर्कशीचं पिढीजात घराणं नव्हतं, भांडवल तर नव्हतंच. १९८४ साली ७३ माणसांनिशी सुरू झालेली ही कंपनी पुढे जवळजवळ ५००० जणांना पगार देत होती. नाव सर्क द्यू सोले.

तिची गोष्ट सहसा ‘एका अवलियाला कल्पना सुचली आणि त्यानं साम्राज्य उभं केलं’ अशी सांगतात. गेली काही वर्षं या कंपनीबद्दल हाताला लागेल ते वाचत आलोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. अवलिया होताच. पण सरकारी पैसा, सर्कस शिकवणारी एक शाळा आणि एक सहकारी वित्तसंस्था या तिन्हींतलं एक जरी नसतं, तरी तो तंबू दुसऱ्याच वर्षी कायमचा खाली आला असता.

सुरुवात बे-सँ-पॉल या गावातून. सेंट लॉरेन्स नदीकाठचं, चित्रकारांचं म्हणून ओळखलं जाणारं लहानसं गाव. १९७०चं दशक संपत आलं तेव्हा जील सँत-क्रुआ नावाचा तरुण तिथे भटक्या पोरांसाठी स्वस्तातलं मुक्कामाचं ठिकाण चालवत होता. अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये ब्रेड अँड पपेट थिएटरच्या मंडळींबरोबर राहून तो उंच लाकडी पाय बांधून चालायला शिकला होता. त्याच मुक्कामाच्या जागी गी लालिबेर्ते आला. अकॉर्डियन वाजवायचा, तोंडातून आगीचे लोळ काढायचा, आणि अठराव्या वर्षी युरोपात जाऊन रस्त्यावर खेळ करून पोट भरलेलं. तिसरा दानिएल गोतिए. हा पडद्यामागचा माणूस. व्यवहार आणि हिशेब त्यानं सांभाळले.

सँत-क्रुआला उंच पायांवर नाच-नाटक करणाऱ्यांची मंडळी काढायची होती. त्यासाठी प्रांत सरकारचं अनुदान हवं होतं. अर्ज-विनंत्यांनी काम होईना, तेव्हा १९८० मध्ये हा गडी ते लाकडी पाय बांधून बे-सँ-पॉलहून क्वेबेक शहराकडे निघाला. अंतर ९० किलोमीटर! वर्तमानपत्रांनी दखल घेतली, अनुदान मिळालं, मंडळी उभी राहिली. १९८२ मध्ये त्यांनी गावात रस्त्यावरच्या कलाकारांची जत्रा भरवली. ठिकठिकाणचे लोक आले, दिवसा एकमेकांना आणि गावकऱ्यांना शिकवायचे आणि मग खेळ करायचे. या सगळ्यांना एका तंबूखाली आणता येईल हे लालिबेर्तेच्या डोक्यात तिथे बसलं.

मग १९८४ आलं. जाक कार्तिए कॅनडाच्या किनाऱ्याला लागला त्याला ४५० वर्षं होत होती आणि रने लेवेक यांच्या प्रांत सरकारला गावोगावी नेता येईल असा सोहळा हवा होता. लालिबेर्तेनं फिरत्या सर्कशीचा प्रस्ताव दिला आणि साधारण १५ लाख डॉलर मंजूर करून घेतले. त्यावेळी या लोकांकडे तंबूसुद्धा नव्हता.

८०० खुर्च्यांचा निळा-पिवळा तंबू आला आणि पहिला खेळ गास्पे गावात ठरला. तंबू उभारायचा अनुभव कोणाला होता? पावसाचं पाणी कापडात साचून वजन वाढलं, मधला खांब मोडला आणि सगळं खाली आलं. उसना तंबू आणून दौरा रेटला. त्यात युरोपातून बोलावलेले मुरलेले कलाकार या नवशिक्यांच्या कारभाराला वैतागले, त्यांनी तक्रारीचं पत्रच वर्तमानपत्रांना धाडलं. तरी लोकांनी तंबू भरला.

१९८५ मध्ये क्वेबेकबाहेर पडायचं ठरवलं आणि तिथे तोंडावर आपटले. टोरंटोत जाहिरातीला पैसे नव्हते, तंबू पाऊणएक रिकामा. सँत-क्रुआ माकडाचा पोशाख घालून शहरभर फिरला, लोकांनी यावं म्हणून. मोसम संपला तेव्हा साडेसात लाख डॉलरची खोट डोक्यावर होती. अशा वेळी खासगी सावकार काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. इथे देजार्दँ ही क्वेबेकमधली जुनी सहकारी वित्तसंस्था उभी राहिली. न वटणारे चेक तिनं सांभाळून घेतले. प्रांत सरकारनं आणखी एक वर्ष ढकलण्यापुरते पैसे दिले. दानिएल लामार नावाचा जनसंपर्क क्षेत्रातला माणूस फुकट काम करत होता. हाच लामार पुढे बरीच वर्षं कंपनीचा प्रमुख होता.

आणि शाळा. गी कारों या बुडापेस्टला सर्कस शिकून आलेल्या कलाकारानं एका सहकाऱ्याबरोबर १९८१ मध्ये माँट्रियलला राष्ट्रीय सर्कस शाळा सुरू केली होती. सर्कस हा घराण्यात जन्मून शिकायचा धंदा. बापानं पोराला झोपाळ्यावर चढवायचं, ही युरोपातली रीत. क्वेबेकमध्ये अशी घराणी नव्हती, म्हणून शाळा लागली. त्याच शाळेतली पोरं सर्कशीत आली आणि कारों कंपनीचा पहिला कलादिग्दर्शक झाला. शाळेत शिकवायला आलेला फ्रांको द्रागोने हा बेल्जियममध्ये वाढलेला इटालियन दिग्दर्शक. त्यानं एकेका कसरतीमध्ये येणारी निवेदकाची शिट्टी-घोषणा काढून टाकली. सगळा खेळ एका सूत्रात, संगीत जिवंत, कलाकार दोर बांधायला आला तरी पात्र म्हणूनच येणार. रने द्युपेरेचं संगीत ऐकलंय का कोणी? १९९४च्या ‘आलेग्रिया’चं शीर्षकगीत नक्की ऐका. ते ऐकल्यावर तुम्हाला कळेल की लोक कोलांटउड्या बघून रडत का होते.

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कला महोत्सवाचं आमंत्रण आलं. महोत्सवाकडे मानधनाला पैसे नव्हते. लालिबेर्तेनं सांगितलं, उद्घाटनाचा खेळ आमचा ठेवा, आम्ही गल्ल्यावर येतो. जाण्यापुरतेच पैसे होते. खेळ पडला असता तर ट्रक परत आणायचे कसे याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. खेळ चालला, आणि असा चालला की तिकिटांसाठी झुंबड उडाली. कोलंबिया पिक्चर्सनं चित्रपटाचा प्रस्ताव आणला. करारात पात्रांवर आणि कथेवर हक्क सोडावे लागणार हे दिसल्यावर लालिबेर्ते उठून आला. माझ्या मते कंपनीच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा नकार.

पैसा आला तशी भांडणंही आली. १९८८ मध्ये वाढ किती आणि कशासाठी यावरून कारों बाहेर पडला, त्याच्याबरोबर बरेच कलाकार गेले. मध्यंतरी बाहेर पडलेला सँत-क्रुआ परत आला. १९९०चा ‘नुव्हेल एक्सपेरिअन्स’, १९९२चा ‘साल्तिम्बान्को’, आणि १९९३ च्या नाताळात लास व्हेगासच्या ट्रेझर आयलंडमध्ये ‘मिस्तेर’. हा पहिला कायमचा मुक्काम, स्वतःचं बांधीव थिएटर. जुगाराच्या गावात सर्कस नेली म्हणून नाकं मुरडणारे खूप होते. पण रोज तंबू उभारणं-उतरवणं, ट्रक, परवाने, पाऊस यातून सुटून तेच लोक वर्षानुवर्षं एका रंगमंचावर काम करू लागले. कंपनीचा खरा पैसा इथे मिळाला आणि फिरत्या खेळांचा प्रयोगशीलपणा त्या पैशावर पोसला गेला.

पुढचं अनेकांना माहीत असेल: ‘ओ’, ‘का’, बीटल्सवरचा ‘लव्ह’. नंतर मालकी बदलली, २०२० मध्ये दिवाळखोरी. त्यावर चर्चेत बोलू, इथे अर्थकारण समजणारी मंडळी माझ्यापेक्षा जास्त आहेत.

तिसरी घंटा

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी सर्क द्यू सोलेचा ‘बझार’ हा खेळ पाहिलाय, नोव्हेंबर २०१८ मध्ये बीकेसीला एमएमआरडीएच्या मैदानावर. त्या खेळाचा जगातला पहिला प्रयोग मुंबईतच झाला होता, मग तो दिल्लीला गेला.

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेचं काम करते, त्यामुळे माझी नजर सारखी वर जात होती. एक गोष्ट सांगते. हवेतला झोपाळा चालू असताना खाली विदूषकाचं काहीतरी चाललेलं असतं आणि आपण हसत तिकडे बघत असतो. तेवढ्यात मागे काळोखात चौघं जण पुढच्या प्रवेशाचे दोर ताणून बांधतात. चौघांच्या अंगावर पात्रांचेच कपडे, चालणंही पात्रासारखं. काळे कपडे घालून लपतछपत येणारा एकही बॅकस्टेजवाला नाही. बांधून झालं की त्यातला एक जण गाठीवर दोनदा हात मारतो आणि तोच हात नाचाच्या हालचालीत मिसळून जातो. मी पुढच्या रांगेत होते म्हणून दिसलं.

आणि मल्लखांब! ‘बझार’मध्ये मल्लखांबाचा आख्खा प्रवेश होता. आजूबाजूचे लोक ‘हे काय आहे’ म्हणून एकमेकांना विचारत होते, मुंबईत. माझ्या शेजारच्या आजोबांनी मात्र खांबावर पहिली पकड घेतल्याबरोबर टाळी वाजवली.

सातबारा

लेख आवडला. दिवाळखोरीचं मी सांगतो, कारण ‘करोनानं सर्कस बुडवली’ हे अर्धंच खरं आहे.

आधी मालकी बघा. गोतिए २००० च्या सुमाराला बाहेर पडला आणि जवळजवळ सगळी कंपनी एकट्या लालिबेर्तेची झाली. २००८ मध्ये त्यानं २० टक्के दुबईच्या सरकारी गुंतवणूक कंपन्यांना विकले. २००९ मध्ये तो स्वतःच्या पैशानं अंतराळात जाऊन आला, पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधायला. पण त्याच सुमारास खेळ पडायला लागले होते. न्यूयॉर्कचा ‘बनाना श्पील’, टोकियोचा ‘झेड’, मकावचा ‘झाया’, लास व्हेगासचा एल्व्हिसवरचा खेळ, लॉस एंजेलिसचा ‘आयरिस’, सगळे २०१० ते २०१३ मध्ये बंद. २०१३ च्या सुरुवातीला ४०० लोकांना घरी बसवलं. कायमच्या थिएटरांचं हेच आहे, चाललं तर वर्षानुवर्षं चालतं आणि नाही चाललं तर बांधकामाचा खर्च गळ्यात पडतो.

२०१५ मध्ये टीपीजी या अमेरिकी गुंतवणूक संस्थेनं ६० टक्के घेतले, चीनच्या फोसुननं २० आणि क्वेबेकच्या पेन्शन निधीनं १०. किंमत दीड अब्ज डॉलरच्या घरात. अशा खरेदीत घेणारा स्वतःचे पैसे थोडे घालतो, बाकी कर्ज काढतो, आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच खात्यावर बसतं. वर नव्या मालकांनी ब्लू मॅन ग्रुपसारख्या दुसऱ्या कंपन्या घेतल्या. कर्ज एक अब्ज डॉलरच्या आसपास गेलं. ज्या धंद्यात रोज संध्याकाळी पडदा वर गेला तरच पैसा येतो, त्या धंद्यावर इतकं कर्ज ठेवायचं नसतं.

मार्च २०२०: जगभरचे ४४ खेळ एका आठवड्यात थांबले. ४६७९ लोक, म्हणजे ९५ टक्के, कामावरून दूर. जूनच्या शेवटी न्यायालयाकडे संरक्षण मागितलं आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेली. लालिबेर्तेनं उरलेले १० टक्के बंदीच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत विकले होते.

रानभूल

@सातबारा, हे इतकं नेमकं मला मांडता आलं नसतं. एक भर घालतो: २०२१ च्या जूनअखेर ‘मिस्तेर’चा पडदा पुन्हा वर गेला आणि चार दिवसांत ‘ओ’चा. वर्षभराहून जास्त बंद असलेले खेळ पुन्हा उभे करायचे म्हणजे पोशाख आणि यंत्रं तपासून भागत नाही. हवेत एकमेकांना झेलणाऱ्या जोड्यांचा अंदाज पुन्हा जुळवावा लागतो. त्यांनी ते केलं.

@तिसरी घंटा, गाठीवरचा हात... हे वाचून परत परत डोळ्यांसमोर आलं. द्रागोनेनं लावलेली शिस्त हीच. तो २०२२ मध्ये गेला. त्यानं कंपनी सोडून तोवर वीसेक वर्षं झाली होती, पण शिस्त राहिली.

खडूफळा

थोडा वेगळा सूर लावतो. कौतुक करा, पण ‘बिनप्राण्यांची सर्कस’ ही यांची शोधलेली गोष्ट आहे असं वाचणाऱ्याला वाटेल, तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोची पिकल फॅमिली सर्कस १९७० च्या दशकातली, मेलबर्नची सर्कस ओझ १९७८ची. फ्रान्समध्ये १९७० पासून नव्या सर्कशीची चळवळच होती. त्या मंडळ्यांत कलाकारच मालक असायचे, निर्णय बसून घ्यायचे, तिकीट परवडणारं असायचं. सर्क द्यू सोलेनं त्यांची भाषा घेतली आणि तिकीट महाग केलं. जनतेच्या कराच्या पैशावर उभी राहिलेली कंपनी शेवटी परदेशी गुंतवणूकदारांच्या हातात गेली. क्वेबेकच्या माणसाला यात काय मिळालं, हे लेखात यायला हवं होतं.

बर्फाळ प्रदेश

@खडूफळा, मी माँट्रियलला राहतो, तेवढ्यापुरतं उत्तर देऊ शकतो.

कंपनीचं मुख्यालय सँ-मिशेल भागात आहे. हा शहरातला गरीब भाग, स्थलांतरितांचा. शेजारी चुनखडीची प्रचंड खाण होती, ती संपल्यावर तिथे दशकानुदशकं शहराचा कचरा टाकला. १९९७ मध्ये कंपनी तिथे गेली. नंतर सर्कस शाळा आली, २००४ मध्ये ‘तोहू’ नावाचं गोल सर्कस-थिएटर आलं. कचऱ्याच्या खाणीवर आता बाग आहे. ‘तोहू’मध्ये मोठ्या कंपनीचे नाही, लहान लहान मंडळ्यांचे खेळ होतात. त्यातले बरेच कलाकार याच शाळेतून शिकलेले. माँट्रियलमध्ये आज अशा अनेक सर्कस मंडळ्या आहेत, त्यातल्या काही जगभर फिरतात. हे सर्क द्यू सोलेशिवाय झालं नसतं, असं मला तरी वाटतं.

मुख्यालयातल्या कार्यशाळेबद्दल सांगायला हवं. नवा कलाकार आला की त्याच्या डोक्याचा साचा घ्यायचे. प्लॅस्टरचं डोकं फळीवर जायचं आणि टोप, मुखवटे, टोप्या त्या डोक्यावर बेतल्या जायच्या. कलाकार जगात कुठेही असो, टोपी माँट्रियलहून बरोबर मापाची येते. बूट तिथेच बनतात आणि हातानं रंगवतात. कापड पांढरं आणून तिथेच रंगवायचं, छापायचं. शिंपी, चांभार, टोप करणारे, रंगारी यांना वर्षभर पगारी काम होतं. २०२० मध्ये हीच माणसं पहिल्या फटक्यात घरी गेली. आमच्या इमारतीत टोप करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी ते वर्ष मास्क शिवून काढलं.

म्हणून खडूफळा, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, पण हिशेबात ही खाणही धरा.

कुरुंदवाडकर

रानभूल, तुमच्या लेखातली शाळेची गोष्ट वाचली आणि लिहायलाच बसलो.

आमच्या गावाचं नाव सर्कशीच्या इतिहासात आहे हे सगळ्यांना माहीत नसतं. विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन बाबासाहेब आपट्यांकडे घोड्याची विद्या शिकले आणि हद्दू खाँसाहेबांकडे गाणं. मग कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे अश्वशाळेवर होते. मुंबईत किआरिनीची इटालियन सर्कस पाहिली आणि २० मार्च १८८० ला कुरुंदवाडला त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. पाठीशी संस्थानिक होते. क्वेबेकला सरकार होतं, इथे संस्थान.

आणि शाळा! विष्णुपंत मलबारात थलश्शेरीला गेले तेव्हा तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन या कसरत-शिक्षकाशी गाठ पडली. कीलेरींनी पोरं तयार करायची, सर्कशीनं त्यांना काम द्यायचं. १९०१ मध्ये कीलेरींनी चिरक्कराला सर्कसची शाळाच काढली. पुढे भारतातल्या सर्कशी मल्याळी कलाकारांनी भरल्या त्याचं मूळ हे आहे. आपल्याकडे म्हैसाळचे देवल, कार्लेकर अशा एकाहून एक सर्कशी झाल्या, पुण्याच्या दामू धोत्र्यांसारखा बिबळ्यांना खेळवणारा माणूस अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्समध्ये गाजला. पण मराठी मुलुखात कीलेरींसारखी शाळा कोणी काढली नाही. सर्कशी आमच्या आणि शाळा त्यांची. मालक थकले, वारसांनी लक्ष काढलं, तंबू गेले. थलश्शेरीत मात्र पोरं तयार होत राहिली.

अवांतर: हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना विष्णुपंतांनी सर्कशीबरोबर ठेवून घेतलं होतं, गावोगावी त्यांच्या मैफली करवल्या. सर्कशीच्या मुक्कामावर ‘भूगंधर्वां’चं गाणं, ही आमच्या भागातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात येणारी गोष्ट.

मंद्रसप्तक

कुरुंदवाडकर, अवांतर कसलं, यावर वेगळा धागा काढा. रहिमत खाँसाहेबांचा विषय असा शेवटच्या ओळीत सोडून जाऊ नका.

रानभूल

@कुरुंदवाडकर, कीलेरी आणि गी कारों यांना मी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. आता तसंच दिसतंय. कंपनीचा मालक गोष्टीत पुढे असतो, पण शिकवणारा नसेल तर दुसरी पिढी येतच नाही. क्वेबेकमध्ये आणखी एक झालं: सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तिकडचे कसरतींचे आणि जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक मोकळे झाले आणि त्यातले बरेच माँट्रियलला आले. ऑलिंपिकपर्यंत पोचलेले, पण पुढे काय करायचं हे माहीत नसलेले खेळाडू कंपनीनं शोधून घेतले. ‘ओ’मध्ये तालबद्ध पोहणाऱ्या ऑलिंपिक खेळाडू आहेत. त्या खेळाचा रंगमंच म्हणजे साधारण ५७ लाख लिटर पाण्याचा हौद, तळाशी उचलपट्ट्या. चालायला जमीन हवी तेव्हा पट्ट्या वर येतात, क्षणात पुन्हा पाणी. कलाकार पाण्यात उडी मारतो आणि वर येत नाही, लोक श्वास रोखतात. खाली पाणबुडे थांबलेले असतात, ते त्याच्या तोंडात हवेची नळी देतात. असं काम करणाऱ्याला कोणी वर्षभरात तयार करत नाही.

दोरीवरची उडी

मी मल्लखांब शिकवते, मुलींना दोरीचा आणि मुलांना पुरलेला. दोन गोष्टी लिहायच्यात.

पहिली, धोका. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१३ मध्ये ‘का’च्या प्रयोगात एक कलावती साधारण ९० फुटांवरून पडून गेली. २०१६ मध्ये ‘लुझिया’च्या जागेवर एका तंत्रज्ञाला यंत्राचा धक्का लागला आणि तो गेला. तो सँत-क्रुआचाच मुलगा होता. २०१८ मध्ये टँपाला प्रयोग चालू असताना हवेत टांगलेल्या पट्ट्यांवरून आणखी एक कलाकार पडून गेला. हे सगळे अनुभवी लोक होते. आमच्याकडे खाली मॅट नीट अंथरलं नाही म्हणून हात मोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पालकांना वाटतं की मोठ्या सर्कशीत जाळी असते. सगळीकडे नसते. मुलांना मोठी स्वप्नं दाखवताना हेही सांगा.

दुसरी, भारतातल्या सर्कशीत २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान मुलांना काम देता येत नाही. हे योग्यच झालं. पण त्यानंतर पोरांना सर्कस शिकायची असेल तर जायचं कुठे, याचं उत्तर कोणी दिलं नाही. मल्लखांबाचं बरं आहे, व्यायामशाळा आहेत, स्पर्धा आहेत, फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कला जागतिक स्पर्धासुद्धा झाली. पण विसाव्या वर्षी स्पर्धा संपल्या की माझ्या मुली जिममध्ये नोकरी धरतात किंवा लग्न करतात. ‘बझार’मध्ये मल्लखांब आला तेव्हा माझ्या वर्गात त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. @बर्फाळ प्रदेश, तुमच्या त्या शाळेत इथल्या मुलीला जाता येतं का? एकीला खरंच जायचंय, घरचेही तयार आहेत.

बर्फाळ प्रदेश

ताई, येतं. शाळा परदेशी विद्यार्थी घेते. मला माहीत आहे तेवढं लिहितो, बाकी शाळेकडून पक्कं करून घ्या.

बारावीनंतरच्या वयासाठी त्यांचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेश निवड-चाचणीतून. अंगाची ताकद आणि लवचीकता तपासतात, पण नाच आणि अभिनयही करायला लावतात. नुसतं अंगानं तयार असून भागत नाही, असं तिथली मुलं सांगतात. आत गेल्यावर एक मुख्य प्रकार निवडायचा असतो. दोरी हा तिथे नीट शिकवला जाणारा प्रकार आहे, त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीचा पाया वाया जाणार नाही. मात्र मल्लखांबाची दोरी आणि तिथली जाड दोरी यात पकडीचा फरक पडेल, तो तुम्हीच जास्त ओळखाल.

बोलणं-शिकणं मुख्यतः फ्रेंचमध्ये. आत्तापासून सुरू केलं तर बरं. फी परदेशी मुलांना जास्त असते, शिष्यवृत्तीचं विचारा. आणि थंडीची तयारी. तिचा चांगल्या उजेडात, एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेला व्हिडिओ तयार ठेवा, तुकडे न जोडता. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी शाळेत जाऊन माहितीपत्रक आणि तारखा घेऊन येतो.

दोरीवरची उडी

व्यनि केलाय. फ्रेंचचा वर्ग कुठे मिळेल ते उद्याच बघते. पुण्यात कोणाला चांगला, परवडणारा माहीत असेल तर इथेच लिहा.